चालवणारीचं माप

कुणीच विचारलं नाही. एवढी शहाणीसुरती माणसं त्या दिवशी कारखान्यात उभी होती, पण एकाच्याही तोंडून साधा प्रश्न निघाला नाही, की बाबांनो, ही गाडी चालवतं कोण? रंग विचारला. चामडं हवं की कापड, ते विचारलं. टाके लाल घालू की राखाडी, यावर तर भांडायचीच पाळी आली. नेमकं तेवढं एक विचारायचं राहिलं, आणि त्याची लाज मात्र मी वाहतेय.

मी सीट बोलतेय. एका वेगवान गाडीची, चालकाच्या बाजूची सीट.

माझा जन्म साच्यात झाला. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, त्यावर डोळ्यांतून पाणी काढणारं चिकट रसायन फासायचं आणि वाळलं की टकटक करून सोडवून घ्यायचं. झालं सीटचं कवच तयार. मग मला भिंतीवरच्या हुकाला टांगलं. तिथे माझ्यासारख्या आणखी बऱ्याच जणी होत्या, सगळ्या उघड्याबोडक्या, कुणीतरी पसंत करील म्हणून वाट बघणाऱ्या.

घरातल्या खुर्चीचं बरं असतं. माणूस आला, टेकला, उठून गेला. आमचं काम वेगळं आहे. गाडी वेगात वळली की आतला माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. त्याला जागच्या जागी धरून ठेवायचं, म्हणजे त्याचे हात फक्त स्टिअरिंगसाठी आणि पाय फक्त ब्रेकसाठी मोकळे राहतात. त्यासाठी आम्हाला दोन्ही बाजूंना उंच कठडे असतात. कठडा आणि कंबर यांच्यामध्ये जेमतेम तळहात शिरावा. त्याहून जास्त जागा राहिली तर आम्ही सीट नाही, घमेलं.

म्हणून या कारखान्यात मापाची एक खुर्ची आहे. लोखंडी सांगाडा आणि त्याला दोन्हीकडून आतबाहेर सरकणाऱ्या लाकडी पाट्या. गाडी चालवणाऱ्याला तिच्यात बसवतात. फोम आणि शिवणाचं काम बघणारे मास्तर पाट्या हळूहळू आत आणतात, खडूने खूण करतात आणि त्या मापाचे फोमचे ठोकळे आमच्या पोटात चिकटवतात. त्यानंतर ती सीट त्या एका माणसाची. पायातल्या जोड्यासारखी. दुसऱ्याने घातला तर चालता येतं, धावता येत नाही.

ती दोघं आली तेव्हा मी हुकाला लटकून सगळं बघत होते.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. बायको शाळेत गणित शिकवते. गाडी दोघांची, पण चढाच्या शर्यतीत ती चालवते. वळणावळणाचा बंद केलेला रस्ता, एकेका गाडीने वर जायचं आणि घड्याळ काय म्हणतं ते बघायचं, अशी ती शर्यत. तो चाकांत हवा भरतो, हत्यारं उचलतो, वेळ मोजतो, आणि ती वर पोचेपर्यंत नखं खातो. चांगला माणूस आहे. फक्त शर्यतींच्या क्लबातल्या मित्रांनी एक चेष्टा धरून ठेवली होती. "ती चालवते, मग तू कोण? स्टेपनी?" दर वेळी तो सगळ्यांच्या आधी हसायचा. जो सगळ्यांच्या आधी हसतो त्याला सगळ्यांत जास्त लागलेलं असतं.

त्या दिवशी अशा मित्रांपैकी एक जण सोबत होता. पेशाने वकील, आणि न विचारता सल्ला देणारा.

"या साहेब, या!" कारखान्याचे शेठ पुढे झाले. "काय गाडी आहे! जुन्या सीटने मान टाकलेली दिसतेय."

"पाठ टेकली की कर्र वाजते," ती म्हणाली.

"वहिनी म्हणतायत, कर्र वाजते," शेठ नवऱ्याकडे बघून म्हणाले. जणू ती परक्या भाषेत बोलली होती आणि हे भाषांतर करून देत होते.

टेबलावर नमुन्यांचे तुकडे पसरले. तिने एकेकावर तळहात घासून बघितला. खरबरीत विणीच्या करड्या कापडावर तिचा हात थांबला. दिसायला ते अगदीच गरीब कापड.

"पाठीला आणि मांड्यांखाली हे घेऊ या," ती म्हणाली. "चामडं गुळगुळीत असतं. वळणावर सरकायला होतं."

"वहिनी, गोणपाट आहे ते!" वकील हसला. "चामडंच पाहिजे. काळं चामडं, लाल टाके. काय रे?"

नवऱ्याने एकदा करड्या कापडाकडे बघितलं, एकदा वकिलाकडे. "चामडं उठून दिसेल," तो म्हणाला.

"मग साहेब, बसा मापाला," शेठ म्हणाले.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच घडलं. शेठनी हे म्हणायच्या आधीच तिने खांद्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली होती. एक पाऊल पुढे टाकलं होतं. खुर्चीत बसायच्या तयारीने. नवऱ्याने ते पाहिलं. तो "मी नाही" म्हणणार, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला वरून स्पष्ट दिसलं.

"बस की!" वकील ओरडला. "का आता मापही बायकोचंच देणार?"

शेठ हसले. मास्तर हसले. नवरा सगळ्यांच्या आधी हसला आणि जाऊन बसला.

तिने पिशवी उचलून पुन्हा खांद्याला लावली.

तुम्ही म्हणाल, तिला तोंड नव्हतं का? होतं ना. वर्गातल्या पोरांना ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते. पण चार माणसांत नवऱ्याला तोंडघशी पाडू नये, असं शहाणपण तिला कुणीतरी कधीतरी शिकवलेलं होतं. ज्याने कुणी शिकवलं, त्याला एकदा माझ्यात बसवून डोंगरावरून खाली सोडायला हवं. मग कळेल, गप्प बसण्यात किती सुरक्षितता असते ती.

मला तेव्हा यातलं काही समजत नव्हतं, हेही खरं. हुकावरून मला उतरवलं याच आनंदात मी होते. माझ्या पोटात त्याच्या मापाचा फोम बसला, अंगावर काळं चामडं चढलं, लाल टाके पडले. माझ्याशेजारी माझी जुळी बहीण तयार झाली, पलीकडच्या बाजूसाठी. "दोन्ही सारख्याच मापाच्या करा, दिसायला बरं," असं वकिलानेच सुचवलं होतं. आरशात बघून मी मनातल्या मनात मुरकत होते.

तेवढ्यात गाडीतून काढलेली जुनी सीट माझ्याजवळ आणून टाकली. फोमचा भुगा गळत होता, एक बाजू फाटलेली.

"अगं, तुझे कठडे एवढे लांब कशाला?" ती म्हातारी मला म्हणाली. "मध्ये कोण बसणार आहे, म्हैस?"

"साहेबांच्या मापाचे आहेत," मी तोऱ्यात म्हणाले.

म्हातारीने मला पुन्हा एकदा न्याहाळलं. मग म्हणाली, "बाई गं. चालवते ती. बारीक आहे अंगाने. मी अशी मोडकी, पण तिच्या कंबरेचा खळगा माझ्या अंगावर पडलेला होता, त्यात ती बरोब्बर बसायची. तुझ्यात ती कशी राहणार?"

त्या क्षणी माझ्या लाल टाक्यांचा रंग माझ्या तोंडावर आला. पण सीटला ओरडता येत नाही. म्हातारीला भंगारात नेलं आणि मला गाडीत बसवलं.

कारखान्यातून गाडी त्यानेच बाहेर काढली. शेठना हात केला. कोपरा वळल्यावर गाडी थांबवून तो गुपचूप उतरला आणि ती फिरून आली. ती माझ्यात बसली, आणि मला कळलं की म्हातारी काय म्हणत होती. दोन्ही बाजूंना एकेक जाडजूड पुस्तक मावेल एवढी फट. तिने कंबर इकडून तिकडे हलवून बघितली.

"प्रशस्त आहे," ती म्हणाली.

"वापरून वापरून बसेल गं."

"फोम बसतो. कठडे आत येत नाहीत."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "तिथे सांगायचंस ना मग."

"मी पिशवी खाली ठेवली होती," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.



शर्यतीच्या दिवशी तिने नवऱ्याचे दोन स्वेटर गुंडाळून माझ्या दोन्ही कडांना खुपसले होते. तेवढ्याने जरा धीर आला होता, तिलाही आणि मलाही. पण सुटण्याआधी प्रत्येक गाडी तपासतात. तपासणारे गृहस्थ वाकून आत बघत म्हणाले, "हे काढा. सुटं काही चालणार नाही. ऐन वळणावर ब्रेकखाली गेलं तर?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिने स्वेटर काढून नवऱ्याच्या हातात दिले. त्याने ते छातीशी धरले. काहीतरी बोलायला हवं होतं, हे त्याला समजत होतं. त्याने "जपून" एवढंच म्हटलं.

खांद्यांवरचे पट्टे आवळले. पण पट्टे खांदे धरतात, कंबर धरायचं काम माझं. पहिल्या वळणाला ती माझ्यात सरकली. दुसऱ्याला तिने गुडघा दारावर दाबून स्वतःला अडवलं. मी सांगते, तशा अवस्थेतही ती सुरेख चालवत होती. पुढचं वळण उलट्या बाजूचं आणि एकदम तीव्र होतं. ब्रेक दाबायच्या वेळी तिची कंबर घसरली, कंबरेमागून पाय घसरला. एक पळभर ब्रेकवर कुणीच नव्हतं. मी तिला धरायचा प्रयत्न केला. कशाने धरणार? चामडं गुळगुळीत, कठडा लांब. गाडी वळणाबाहेर गेली आणि कडेला रचलेल्या टायरांच्या राशीत घुसली. तिच्या बरगड्या माझ्याच कठड्यावर आपटल्या. ज्याने तिला वाचवायचं, त्यानेच तिला मारलं.

नवरा धापा टाकत चढ चढून आला. स्वेटर अजून त्याच्या हातात. पाठोपाठ वकील आणि आणखी काही जण.

"तरी मी म्हणत होतो," वकील हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनींना ही गाडी झेपायची नाही."

ती बरगडी धरून नवऱ्याकडे बघत होती. मीही त्याच्याचकडे बघत होते. बोल. आता तरी बोल. एक वाक्य लागतं रे.

"रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला.

रस्ता ठणठणीत कोरडा होता. तिने खाली रस्त्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. गाडीचा बंपर बदलला, आणि मग घराखालच्या पार्किंगमध्ये गाडीवर आच्छादन पडलं ते पडलंच. हंगामातली शेवटची शर्यत बाकी होती. तोपर्यंत गुणांत तीच सगळ्यांच्या पुढे होती. क्लबाकडून विचारणा होत असणार, कारण एका दुपारी हेल्मेट घ्यायला ती खाली आली तेव्हा फोनवर बोलत होती.

"नाही, माझं नाव काढून टाका. नाही हो, गाडी उत्तम आहे. सीटही नवीन आहे." आणि मग ती म्हणाली, "मलाच जमत नसेल आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचं माप चुकीचं घेतलं तो गप्प, ज्यांनी घेतलं ते गप्प, आणि दोष अंगावर घेणार कोण, तर ही! तुमच्या जगात हे असंच चालतं का? खुर्ची बसत नाही म्हणून माणूस स्वतःलाच चुकीचं समजायला लागतो?

तो पार्किंगमध्येच होता, खांबाच्या आड, चाकांत हवा भरायचा पंप हातात घेऊन. त्याने ऐकलं. ती वर गेल्यावर त्याने आच्छादन काढलं आणि माझ्यात येऊन बसला. कोपऱ्यापर्यंतचं ते अंतर सोडलं, तर तो प्रथमच माझ्यात बसत होता.

मी त्याला धरलं. काय सांगू, कसं धरलं! हातमोज्यात हात जावा तसा तो माझ्यात गेला. त्याने अंग एका बाजूला झोकून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. तसूभरही हलला नाही. स्टिअरिंगला त्याने हातसुद्धा लावला नाही. नुसता बसून राहिला. त्याचे कान तापलेले मला माथ्याशी जाणवत होते. मला त्याचा राग होता, पण त्या वेळी आम्ही दोघं एकाच लाजेत बसलो होतो.

मग तो उठला, पाना आणला आणि मला खोलायला लागला. गाडीचा एक जुना बोल्ट गंजला होता, त्याने बोटं सोलवटून घेतली. मी सुटले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चालकाची सीट काढल्यावर गाडी चालवत नेता येत नाही. त्याने मला उलटी करून डोक्यावर घेतलं. रस्त्यावर निघाला तो कासव दोन पायांवर चालावं तसा.

फाटकाशीच ती भेटली, हातात भाजीची पिशवी घेऊन.

"हे काय?"

"चल."

"कुठे?"

"मापाला."

"तुझं झालंय की."

"चल ना गं."

"आणि तिथे काय सांगणार? बायको धुतली, ती आटली?"

त्याला हसू आलं नाही. "जे आहे ते सांगणार," तो माझ्या खालून म्हणाला.

"बघू या," असं म्हणून ती चालायला लागली. मला एका बाजूने धरायलाही तिने हात पुढे केला नाही. बरोबर केलं. रस्त्यातली माणसं बघून हसत होती. एकाने तर विचारलं, "साहेब, बाकीची गाडी मागून येतेय का?" यावर मात्र ती फसकन हसली. त्याला जरा बळ आलं असावं, कारण पुढे तो भराभरा चालला.

कारखान्यात गिऱ्हाइकं होती. एक जण गाडीचं छत शिवून घ्यायला आलेला, आणि पावाची व्हॅन चालवणारी एक बाई, सीटचं फाटलेलं कव्हर मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेली.

"साहेब!" शेठ म्हणाले. "वजन उतरवलंत वाटतं? आवळून देऊ की!"

किती सोपी वाट होती! नुसतं "हो" म्हणायचं. फोम आणखी भरला गेला असता, कुणाला काही कळलं नसतं. त्याने मला खाली ठेवलं. ती दारातच उभी होती, पिशवी हातात. आत आली नव्हती. हा "हो" म्हणाला असता तर ती तिथूनच परत फिरली असती, आणि मग गाडीवरचं आच्छादन कधीच निघालं नसतं.

"मी गाडी चालवत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे शर्यतीत?"

"कुठेच नाही. म्हणजे, तुमच्या त्या कोपऱ्यापर्यंत चालवतो." छतवाला हसला. तो थांबला नाही. "शर्यतीत हीच असते, पहिल्यापासून. माप हिचं द्यायचं होतं. मी बसलो. न बसायची लाज वाटली म्हणून बसलो, आणि बसल्यावर उठायची लाज वाटली. ही त्या दिवशी शर्यतीत आपटली ती रस्त्यामुळे नाही. हिच्या अंगाला ही सीट लागतच नाही."

शिलाईचं यंत्र थांबलं होतं. शेठनी तिच्याकडे बघितलं, मला वाटतं खऱ्या अर्थाने प्रथमच.

"वहिनी, बोलायचं नाही का हो?"

"विचारायचं नाही का?" ती म्हणाली.

शेठनी मापाच्या खुर्चीकडे हात केला. तिने पिशवी ठेवायला टेबल शोधलं, पण त्याआधीच नवऱ्याने हात पुढे केला आणि पिशवी घेतली. ती मापाच्या खुर्चीत बसली. मास्तर पाट्या आत सरकवत गेले, सरकवत गेले, आणि पाट्या अडल्या. त्याहून आत त्या येतच नव्हत्या. तशी गरज कुणाला कधी वाटलीच नव्हती. शेवटी मास्तरांनी लाकडाच्या दोन फळ्या कापून आणल्या, पाट्यांच्या आतून लावल्या आणि मग कुठे खडूची खूण पडली.

"कापड?" मास्तरांनी विचारलं. तिला विचारलं.

"गोणपाट," ती म्हणाली.

आता मी फरशीवर उताणी पडलेय. चामडं उसवून काढलंय, लाल टाक्यांचे तुकडे आजूबाजूला विखुरलेत. पोटातला फोम निघाला की मी पुन्हा नुसतं कवच होईन, हुकावर होते तशी. लाज गेली का, असं विचाराल तर नाही. तिची बरगडी ज्या कठड्यावर आपटली तो अजून माझाच आहे. करडं कापड चढलं आणि तिला मी घट्ट धरलं, तरी ते वळण मला आठवत राहणार. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणासाठी काही बनवत असाल, खुर्ची असो, घर असो, नाहीतर कायदा, तर आधी विचारा की त्यात बसणार कोण आहे. आणि उत्तर देणाऱ्याकडेच बघून ऐका.

मास्तर खुर्चीच्या पाट्यांमधल्या त्या फळ्या काढायला वाकले, तेव्हा स्टुलावरची व्हॅनवाली बाई मांडीवरचं फाटकं कव्हर बाजूला ठेवून उठली.

"राहू द्या हो त्या फळ्या, यांच्यानंतर मी बसते," ती म्हणाली. "इतकी वर्षं व्हॅनवर उशी घेऊन बसतेय, मला आपलं वाटायचं, माझंच बूड चुकीचं आहे."